टीव्हीवरची जाडी, बारीकपणा आणि तब्येत (कोकण किनारपट्टी)

मालिका, कॉमेडी शो, जाहिराती आणि आरोग्याचे कार्यक्रम यांच्यात माणसाचं अंग, वजन, आजारपण कसं दाखवतात आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा प्रेक्षक ते कसं घेतो, हा या नोंदीचा विषय. जाड मैत्रीण, सारखं खाणारा मामा, नाजूक सून हे साचे रोज संध्याकाळी घरात येतातच, त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. वाद आहे तो हे आलं कुठून याचा.

कोकणाचा विषय निघाला की मूळ दशावतार या इथल्या लोकनाट्यात शोधायचा मोह होतो. स्टेजवर पोट पुढे काढून येणारा गणपती, शंकासुर या राक्षसाची थट्टामस्करी, लुगडं नेसून स्त्रीपार्ट करणारे पुरुष, म्हणजे अंगावरून हसवणं इथलंच असं म्हणायला सोपं जातं. आता दशावतार स्वतः कधीचा यावरच एकमत नाही. परंपरेने श्रेय दिलं जातं ते राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांना, साल साधारण १७२८, आणि खेळ कर्नाटकाच्या बाजूने आणला असं सांगतात. दुसरी परंपरा कुडाळजवळच्या वालावलच्या गोरे यांचं नाव घेते. पण रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे आणि रामदास गेले १६८१ च्या सुमारास (काही जण १६८२ धरतात), म्हणजे १७२८ हे फार तर खेळाला नवं वळण मिळाल्याचं साल असेल, जन्माचं नाही, हे मत जास्त पटतं. आपल्या विषयाला त्या उल्लेखाची गंमत अशी की डोळे मोडणाऱ्या सुंदर नारी प्रत्यक्षात सगळे धटिंगण आहेत, असं रामदास तिथे सरळ सांगून टाकतात. धटिंगण अंगाने नाजूक बाई उभी करणं, आणि लोकांनी ती मान्य करणं, हे तेव्हाही चालूच होतं.

यातून टीव्हीवरच्या जाडीच्या जोकपर्यंत सरळ रेघ काही निघत नाही. दशावतारात हशा येतो तो बोलण्यातून, शंकासुराच्या मालवणीतून आणि भटजीशी चाललेल्या हुज्जतीतून, कमरेच्या घेरातून नाही. स्त्रीपार्टी नट बाई म्हणून मनापासून उभा राहतो, त्याचे दंड दिसले तरी त्यावर कोणी हसत नाही. स्किट शोमधे पुरुषाला साडी नेसवतात तेव्हा साडीतलं पोट हाच जोक असतो. हा दुसरा प्रकार हिंदी सिनेमातून आला असं धरणं जास्त बरोबर वाटतं. उमादेवी खत्री चांगली गाणारी बाई, पण लोकांच्या लक्षात राहिली ती टुणटुण म्हणून, जाडीवरच्या विनोदासाठी, आणि तोच साचा पुढे टीव्हीने जसाच्या तसा उचलला.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. कोकणातल्या गावात सेट कधी आला याला एक तारीख नाही, बंदराच्या आणि तालुक्याच्या गावी आधी, आत वाडीत नंतर, बऱ्याच ठिकाणी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या सामानातून. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध म्हटलं तर फार चुकणार नाही. त्यावेळचं टीव्हीवरचं ताकदीचं अंग आजच्यापेक्षा वेगळं होतं. १९८७ ला सुरू झालेल्या रामायणात हनुमान झाले दारासिंग, तेव्हा त्यांची साठी जवळ आलेली. १९८८ च्या महाभारतातला भीम म्हणजे प्रवीणकुमार सोबती, १९६६ आणि १९७० च्या एशियन गेम्समधे थाळीफेकीत गोल्ड मिळवलेला माणूस. दोघंही भरलेले, रुंद, पोटावर बिस्किटं वगैरे काही नाही. हे अंग कोकणाला परकं नव्हतं कारण गिरणगावातल्या व्यायामशाळा आणि तिथले तालमीबाज चाकरमान्यांच्या ओळखीचे होतेच, आणि मे महिन्यात गावाला आलेल्या पोराला बघून म्हाताऱ्या ‘तब्येत बरी झाली’ म्हणायच्या त्यात वजन वाढल्याचाच आनंद असायचा.

टीव्हीमुळे शरीराची आवड बदलते का, यावर सगळ्यात जास्त सांगितला जातो तो फिजी बेटांवरचा अभ्यास. नाद्रोगा भागात १९९५ ला टीव्ही आला, संशोधक अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींना तेव्हा आणि परत १९९८ ला तपासलं. खाण्याच्या विकारांच्या प्रश्नावलीत धोक्याचे गुण मिळालेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या, वजन कमी करायला मुद्दाम ओकारी काढणाऱ्या शून्यावरून ११.३ टक्क्यांवर. मात्र मुली पहिल्या वेळी ६३ आणि दुसऱ्या वेळी ६५, त्या पण वेगवेगळ्या, आणि त्याच काळात तिथे बाकीही बदलत असणार. हा निकाल उचलून कोकणावर चिकटवणं धाडसाचं आहे. फिजीत बाहेरचं अंग टीव्हीतून एकदम आलं, इथे मुंबई टीव्हीच्या कितीतरी आधी बोटीने आणि एसटीने येत होती.

मराठी सॅटेलाईट चॅनल १९९९ नंतर रुळले आणि सून बारीक झाली. हिंदीत २००३ ला ‘जस्सी जैसी कोई नहीं’मधली जस्सी आली, कोलंबियाच्या १९९९ च्या मालिकेवरून, तिला पण शेवटी मेकओव्हर करावाच लागला. मराठीत २०२० ला कलर्स मराठीवर ‘सुंदरा मनामधे भरली’मधे जाड मुलगी थेट हिरोईन झाली, हे मोठंच पाऊल, पण गोष्ट फिरली ती लग्न आणि टोमण्यांभोवती. कोकणापुरतं बघायचं तर सावंतवाडीजवळच्या आकेरीत शूट झालेली २०१६ ची ‘रात्रीस खेळ चाले’ जास्त महत्त्वाची, कारण त्यातली माणसं वाडीतल्यासारखी दिसत होती, कोणी सुकटीसारखा, कोणी सुटलेला, आणि कथेत त्याचा कोणी हिशोब मागत नव्हतं.

तब्येतीच्या बाबतीत टीव्ही बराच कच्चा. मालिकेत हार्ट अटॅक येतो, कोमा येतो, स्मृती जाते, शुगर मात्र आजोबांनी चोरून खाल्लेल्या लाडवापुरती. जाड म्हणजे आजारी आणि बारीक म्हणजे ठणठणीत हे समीकरण आपल्याकडे नीट बसतच नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ ला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतः दोघांचंच उदाहरण दिलं, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखा २२.३, पण चरबी युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, असा हा भारतीय प्रकार, आणि त्याला साजेसं एकही पात्र मालिकेत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या होत्या, तर १८.७ टक्के कमी वजनाच्या. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलात वयात येणाऱ्या मुलींच्या कुपोषणावर काम चालतं, म्हणजे या किनाऱ्यावर बारीकपणा हाच प्रश्न आहे अशी घरं आहेत, आणि नेमकी तीच मुलगी टीव्हीवर दिसली तर सुंदर म्हणून दिसेल.

डाएटचे कार्यक्रम शहरी पोटासाठी असतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगायच्या थोड्या थोड्या वेळाने खा, यावर घराघरात भांडणं झाली. पहाटे पेज पिऊन कामाला जाणाऱ्या बाईने यातलं काय घ्यायचं हे कोणी विचारलं नाही. दुपारच्या आणि रात्री उशिराच्या टेलिशॉपिंगमधे घाम काढणारे पट्टे आणि चूर्णं विकली जातात. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे, त्यामुळे तो बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. म्हणून जाहिरातीत औषध असा शब्द न वापरता आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवून काम भागवतात.

अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या वजन उतरवण्याच्या स्पर्धेच्या शोची हिंदी आवृत्ती २००७ ला येऊन गेली. मूळ शोमधल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं तर बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अपेक्षेपेक्षा कमी जाळत होतं (२०१६ चा अभ्यास). हा भाग टीव्हीवर कधी आला नाही.

कबड्डी हा एक अपवाद. २०१४ पासून प्रो कबड्डी घराघरात पोचली, रत्नागिरी-रायगडात तर खेळ आधीपासून अंगात भिनलेला. वजनाची मर्यादा असते म्हणून तिथे वजन काट्यावर मोजतात, चेष्टेत नाही, आणि जाडजूड डिफेंडरची मांडी ही कौतुकाची गोष्ट असते.

रायगड आणि पालघरच्या कोळी बायका टीव्हीवर येतात त्या बहुतेक गाण्याच्या शोमधे, डोक्यावर टोपली, अंगावर दागिने, नाचत. पहाटे बंदरावर ओणवं राहून मासळी निवडणं, तासन्‌तास उकिडवं बसून विकणं, यात कंबर आणि गुडघे जातात, ते दुखणं कुठल्या मालिकेच्या कथेत अजून आलेलं नाही.