हँडलपासून सेल्फपर्यंत: गाडीतल्या विजेची पार्श्वभूमी

गाडी सुरू करताना आपण ‘सेल्फ मारतो’. सेल्फ-स्टार्टरचं हे अर्धं उरलेलं नाव. त्याआधी पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवावं लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगटाचं हाड मोडे. तेव्हा वीज लागायची ती मुख्यतः ठिणगीपुरती. अनेक गाड्यांत ती इंजिनाबरोबर फिरणारा मॅग्नेटो तयार करी, दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळत. बॅटरीवाचून अडत नसे.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हे चित्र पालटलं. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केलेली शिसे-आम्ल बॅटरी आता गाडीत हवीच झाली, आणि ती भरायला डायनामोही. स्टार्टरची भूक मोठी. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब पाचेक अँपिअर घेतो. सेल्फ काही सेकंदच, पण शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. म्हणूनच बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडतात तिथे, जमणारी ती पांढरी-हिरवट गंजाची बुरशी मला क्षुल्लक वाटत नाही. तिथे ओहमचा शंभरावा भाग एवढाच रोध, म्हणजे विजेला अडथळा, असला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातात. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ मात्र नुसता ‘टक्’ करतो. अशा वेळी चांगली बॅटरी उगाच बदलली जाते. आधी टर्मिनल काढून घासा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना ती शेवटी.

इंजिनं मोठी झाली तशी १९५० च्या दशकात ६ व्होल्टची जागा १२ व्होल्टने घेतली. तेवढ्याच कामाला निम्मा करंट पुरू लागला. डायनामोची अडचण वेगळी होती. इंजिन मंद चाललं की तो पुरेशी वीज देत नसे, गाडी थांबली की दिवे मलूल व्हायचे. अल्टरनेटर मंद इंजिनावरही पुरेशी वीज देतो, पण ती उलटसुलट वाहणारी (एसी) असते; तिला बॅटरीजोगी एकाच दिशेची करणारे सिलिकॉनचे डायोड आल्यावर तो सोपा झाला. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये तो दिला आणि पुढे तोच रुळला.

डायनामोच्या काळातली एक सवय मात्र अजून गेलेली नाही: चार्जिंग तपासायला चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढायची. कृपा करून हे करू नका. अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो, डायोड आणि इसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जळू शकतात. त्यापेक्षा मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. काही नव्या गाड्या गरजेप्रमाणे हा आकडा खालीवर करतात.

वायरिंगचा गठ्ठा फुगत गेला तेव्हा बॉशने १९८६ मध्ये कॅन बस मांडली; दोन तारांवरून अनेक कंट्रोलर, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, एकमेकांशी बोलू लागले. पण किल्ली काढल्यावरही त्यांतले काही जागे राहतात. ५० मिलिअँपिअर गळती म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी अशी महिनाभर उभी राहिली, की सेल्फ मारल्यावर पुन्हा तोच ‘टक्’ ऐकू येतो.