संमोहन करणाऱ्याच्या नजरेत शक्ती असते?

‘संमोहन करणाऱ्याच्या नजरेतून शक्ती निघते आणि समोरच्याचा ताबा घेते,’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं काही निघत नाही.

ही समजूत मेस्मेरिझम नावाच्या अठराव्या शतकातल्या उपचारपद्धतीतली. शरीरात अदृश्य चुंबकी द्रव वाहतो आणि हात फिरवून तो दुसऱ्याला देता येतो, असं त्यात मानत. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने याची फार सुंदर परीक्षा घेतली. बागेतलं एकच झाड भारून ठेवलं. मग बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून दुसऱ्याच झाडांपाशी नेलं. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड तिथून वीसेक फूट लांब होतं! त्याला ढोंगी म्हणायचं कारण नाही. अपेक्षेचा जोरच तेवढा असतो.

१८४१ मध्ये मँचेस्टरच्या एका शल्यचिकित्सकाने मेस्मेरिझमचा प्रयोग पाहिला. घरी येऊन त्याने मित्राला नुसतं बाटलीच्या तोंडाकडे टक लावून बघायला सांगितलं. कुणी हात न फिरवता तीन मिनिटांत मित्राचे डोळे मिटले. या अवस्थेला त्याने पुढे हिप्नॉटिझम, म्हणजेच संमोहन, म्हटलं.

पडताळा आजही सोपा आहे: रेकॉर्ड केलेल्या सूचना ऐकूनही संमोहन होतं, आणि तिथे बघणारं कुणीच नसतं.