वाळू, गंज आणि शेवग्याचं बी

वाळूतून गाळलेलं पाणी नितळ दिसतं, पण विषाणूंना ती गाळणी म्हणजे सताड उघडा दरवाजा. कावीळ करणारा हेपटायटिस एचा विषाणू जेमतेम 30 नॅनोमीटरचा; वाळूच्या कणांमधली फट त्याच्या हजारपट मोठी. तरी काही विषाणू वाळूत राहतातच. ते फटीत अडकत नाहीत, कणांना चिकटतात.

चिकटायचं की नाही, हे ठरतं विद्युत प्रभारावर. विषाणूचं प्रथिनांचं कवच 7 च्या आसपास सामू (पीएच) असलेल्या पाण्यात बहुधा ऋण प्रभारित असतं. वाळू म्हणजे सिलिका. तिच्यावरही ऋणच प्रभार. दोघं एकमेकांना दूर लोटतात. पाण्यात क्षार असले, विशेषतः कॅल्शियम, की हे प्रभार झाकले जातात आणि विषाणू कणाला जाऊन बिलगतो. मला खरी धास्ती वाटते ती पुढच्या गोष्टीची. मोठा पाऊस झाला, क्षार नसलेलं पाणी जमिनीत मुरलं, की मातीला चिकटलेले विषाणू सुटून पुन्हा वाहू लागतात, अगदी विहिरीच्या झऱ्यापर्यंतही. चिकटला म्हणजे मेला असं नव्हे.

मग वाळूचाच प्रभार बदलला तर? गंज, म्हणजे लोहाचं ऑक्साइड, 7 च्या आसपास सामूच्या पाण्यात सहसा धन प्रभारित असतो. म्हणून लोखंडाचा कीस मिसळलेली वाळू विषाणू कितीतरी चांगले धरते. अडचण एकच: कुजलेल्या पाचोळ्यातून पाण्यात उतरणारी ह्युमिक द्रव्यंही ऋण प्रभारित असतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी ती गंजावरच्या जागा आधीच अडवतात.

आपल्या परसातला शेवगा इथे कामाला येतो. त्याच्या बियांची पूड पाण्यात कालवून ते पाणी वाळूवरून सोडलं, की बियांमधली धन प्रभारित प्रथिनं वाळूला चिकटून बसतात. पूड थेट पिण्याच्या पाण्यात टाकली, तर तिचे सेंद्रिय अंश मागे उरतात आणि त्यावर जिवाणू पोसतात. वाळू धुऊन घेतली की ते निघून जातात. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2019 मध्ये अशा वाळूतून एमएस2 हा माणसाला निरुपद्रवी विषाणू सोडून पाहिला. 1 कोटी आत गेले, तर बाहेर जेमतेम एक, इतकी ती गाळणी प्रभावी ठरली. कारण निव्वळ प्रभाराचं नव्हतं. बियांमधलं कायटिनला (कीटकांच्या कवचातल्या द्रव्याला) धरणारं एक प्रथिन विषाणूच्या कवचाशी नेमकं जुळतं, असं त्यांच्या संगणकीय प्रतिकृतींत दिसलं.

वाळू भरत आली की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येते; इथे प्रभार विरुद्ध असल्याने क्षार दोघांमधली ओढच झाकतात. त्या धुवणात जिवंत विषाणू असू शकतात, म्हणून ते विहिरीपासून लांबच टाकायला हवं.