घंटा नसलेली शाळा

२०२० साली शाळा बंद होत्या तेव्हाची गोष्ट. सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका घरात सातवीतली मुलगी मोबाईलवर तास करत होती. शेजारी यंत्रमागाची खडखड, समोर आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. सर म्हणाले, "पान ४२ काढा, तिसरं उदाहरण सोडवा, फोटो काढून ग्रुपवर टाका." मुलीनं पान काढलं आणि विचारलं, "कितवं उदाहरण?"

आई चिडली, "लक्ष कुठंय गं तुझं?"

लक्ष तिथंच होतं. काम करता करता मनात धरून ठेवायच्या गोष्टी मोठ्या माणसालाही एका वेळी तीन-चारच पेलतात, मुलांना त्याहून कमी. ही स्मृती, मोह आवरणं आणि एका कामातून दुसऱ्यात वळणं, यांना मेंदूच्या 'कार्यकारी क्षमता' म्हणतात. त्यांचा बराचसा भार कपाळामागच्या भागावर असतो, आणि तो भाग पंचविशीपर्यंत तयार होत राहतो.

शाळेत हा भार एकट्या पोरावर पडत नाही. घंटा होते, सूचना फळ्यावर राहते, शेजारच्यानं वही काढली की आपणही काढतो. घरी यातलं काहीच नाही, वर ज्या मोबाईलवर तास त्याच मोबाईलवर गेम! आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड देऊन धडा घरापर्यंत पोचवला. पण पोचलेल्या धड्यापुढं बसायचं कसं, हे मुलाला कुणीतरी शिकवावंच लागतं. अशा मुलांना 'आळशी' म्हटलेलं ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

डोक्यात मावत नाही ते भिंतीवर आणावं. सूचना ऐकताक्षणी लिहायची, एक झाली की खोडायची. त्या आईला हे तंत्र मुळातच ठाऊक होतं. विडीचं पान आधी भिजवायचं, मग कापायचं, मग वळायचं. हजार विड्या एकदम कुणी मोजत बसत नाही.

वेळेचंही तसंच. "रोज अभ्यास करीन" हा निश्चय टिकत नाही. "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवलं तर काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते, हे पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं. कारण मग सुरुवात कधी करायची हे मेंदूला दर वेळी नव्यानं ठरवावं लागत नाही.

मुलीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: आईनं सूप खाली ठेवलं की गणित.