पाय किती फाकतो आणि किती उचलतो?

मुलाला कराटेच्या क्लासला घालून महिना झाला की आईवडिलांचा प्रश्न ठरलेला: "सर, ह्याला स्प्लिट कधी येणार?" म्हणजे दोन्ही पाय पूर्ण फाकवून जमिनीला कधी टेकणार. बेळगावच्या टिळकवाडी-शहापुरात हे पूर्वीपासून ऐकू येतं, आता निपाणी-खानापुरातही. तालमीत मात्र असं कुणी विचारत नाही. तिथे पोराला पुलात घालतात: डोकं आणि टाचा मातीत, पाठ वर, आणि छातीवर जोडीदाराचा भार. खांदे टेकले की चितपट. मला तालमीतली ही परीक्षा जास्त शास्त्रीय वाटते.

सांधा दोन तऱ्हांनी वळतो. हातानं ओढून किंवा कुणी दाबून जिथवर जातो ती एक मर्यादा, आणि स्वतःच्या स्नायूंच्या बळावर जिथवर नेता येतो ती दुसरी. दुसरी नेहमी कमी भरते. भिंतीला एक हात टेकून दुसऱ्या हातानं पाय बाजूला उचला आणि हात सोडून द्या. पाय जेवढा खाली येईल तेवढ्या पट्ट्यात तुमची लवचीकता फक्त दाखवण्यापुरती आहे. तिथे लाथ बसत नाही, की प्रतिस्पर्ध्यानं पट काढला, म्हणजे पाय धरून ओढला, तर पाय सोडवूनही घेता येत नाही.

तसेच उभे राहून आणखी एक करून पाहा. पायाची बोटं समोर ठेवून पाय सरळ बाजूला न्या. साधारण ४५ अंशांच्या आसपास तो अडतो, आणि आपण खापर आखडलेल्या स्नायूंवर फोडतो. आता मांडी बाहेरच्या अंगाला फिरवा, गुडघा आभाळाकडे, आणि कंबर किंचित पुढे झुकवा. पाय आणखी वर जातो. एका क्षणात स्नायू लांबला नाही. मांडीच्या हाडाचं वरचं टोक ओटीपोटाच्या हाडाकडे अडत होतं, त्याला वाट मिळाली आणि खुब्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवरचा ताण उतरला. कराटेतल्या मवाशी गेरीत, म्हणजे बाजूनं फिरवून मारायच्या लाथेत, टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळवतात, ती कंबर मोकळी व्हावी म्हणूनच. खुब्याची खोबण प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे काहींना पूर्ण साइड स्प्लिट जन्मात येणार नाही. त्यात आळसाचा संबंध नाही.

मग रोज ताण दिल्यावर पाय जास्त का फाकतो? स्नायूत ताण ओळखणारे बारीक संवेदक असतात. ओढ अचानक वाढली की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि स्नायू आपोआप आखडतो. झटके देऊन ताणू नये, ते यासाठी. २०१० साली वेपलर आणि मॅग्नुसन या संशोधकांनी आधीच्या प्रयोगांचा आढावा घेऊन मांडलं, की काही आठवड्यांच्या सरावात स्नायूची लांबी फारशी बदलत नाही. तोच ताण सोसायची तयारी वाढते. म्हणजे नव्यानं मिळालेल्या त्या टोकाला स्नायूत जोर असतोच असं नाही. तो वेगळा कमवावा लागतो.

इथे आपला जुना 'जोर' कामाला येतो. कंबर वर असताना मांडीमागचे स्नायू आणि पोटऱ्या ताणल्या जातात, छाती मातीला घासत पुढे गेली की पोट आणि छाती उघडते, आणि हे सगळं अंगाचा भार पेलत. पूर्ण पल्ल्यानं केलेले ताकदीचे व्यायाम लवचीकता वाढवण्यात नुसत्या स्ट्रेचिंगच्या मागे पडत नाहीत, असं २०२१ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. अर्धेमुर्धे जोर मारून आकडा वाढवणाऱ्यांना मात्र हा फायदा नाही.

एका बाबतीत तालमीनंही सावध व्हावं. सीमाभागात पहाटे हौदा, म्हणजे तालमीतली कुस्तीची माती, उकरण्यानं दिवस सुरू होतो. बेळगावची डिसेंबरची थंडी, त्यात पहाटे शरीराचं तापमान मुळातच कमी. अंग तापवायला फावडं उत्तम. पण रात्रभर आडवं झोपल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेल्या चकतीवर वाकताना ताण जास्त येतो. ही वाढलेली उंची निम्म्याहून अधिक पहिल्या तासाभरातच उतरते. तेव्हा उठल्या उठल्या कमरेतून वाकण्याऐवजी आधी थोडं पळून यावं, फावडं नंतर, तेही गुडघ्या-खुब्यातून वाकून.

लढतीआधी एकेक स्नायू मिनिटाहून जास्त वेळ ताणून धरला तर ताकद सरासरी चारपाच टक्क्यांनी उतरते. त्याहून कमी वेळात ही घट एक टक्क्याच्या आसपास राहते. लांबलचक स्ट्रेचिंग म्हणूनच सरावानंतर करावं.

आणि ते पोरांच्या पाठीवर बसून "वाक की रे अजून" म्हणणं बंद व्हायला हवं. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडाला जिथे चिकटतात, तो भाग विशीच्या आसपासपर्यंत पक्का जुळलेला नसतो. जोराचा हिसका बसला तर स्नायू फाटण्याआधी हाडाचा तुकडाच निघून येतो, आणि मुलाचे कित्येक महिने घरात जातात.