कॅमेरा सेल खात नाही

सीसीडी या जुन्या प्रकारच्या प्रकाश-सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यांना सध्या पुन्हा मागणी आली आहे. कॅनन पॉवरशॉट ए६२०, पेंटॅक्स के१००डी असे २००५-०६ चे कॅमेरे कपाटांतून बाहेर निघताहेत आणि त्यांच्याबरोबर जुनी तक्रारही: "फोटो छान येतात, पण सेल फार खातो." या दोन्हींत चार पेन्सिल सेल लागतात. अल्कलाइन सेल घालून फ्लॅशचे थोडे फोटो काढले की कॅमेरा बंद. तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात मात्र कित्येक महिने चालतात. म्हणजे ऊर्जा संपलेली नव्हती. मग अडलं कुठे?

सेलच्या अंतर्गत रोधात, म्हणजे प्रवाहाला सेलच्या आतच होणाऱ्या अडथळ्यात. समजा, अर्धवट वापरलेल्या चार अल्कलाइन सेलचं मिळून व्होल्टेज ५ आहे आणि रोध १.६ ओहम. कॅमेऱ्याच्या सर्किटला ठरावीक पॉवर हवी असते. व्होल्टेज घसरलं की ते जास्त प्रवाह ओढतं. प्रवाह वाढला की सेलच्या आतच आणखी व्होल्टेज खर्ची पडतं, की पुन्हा प्रवाह वाढतो. याला एक मर्यादा आहे. संचातून बाहेर मिळणारी कमाल पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट. इथे २५ भागिले ६.४, म्हणजे ३.९ वॉट. लेन्स सरकताना, फ्लॅश चार्ज होताना ५ वॉट लागले तर ते या संचातून कधीच निघणार नाहीत. व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा 'सेल बदला' म्हणतो.

आता चार निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल घ्या. व्होल्टेज तेच, ५. पण रोध ०.१६ ओहम धरला, तर कमाल पॉवर ३९ वॉट!

हा फरक येतो रचनेतून. अल्कलाइन सेलमध्ये मधोमध जस्ताच्या भुकटीचा लगदा आणि भोवती मँगनीज डायऑक्साइडचं जाड कडं असतं. आयनांना त्या जाडीतून वाट काढावी लागते, आणि सेल वापरला जाईल तसा रोध वाढत जातो. रिचार्जेबल सेलमध्ये दोन्ही इलेक्ट्रोडच्या पातळ पट्ट्या, मध्ये विभाजक, आणि सगळं अळूवडीच्या उंड्यासारखं गुंडाळलेलं. समोरासमोर येणारं क्षेत्रफळ प्रचंड, अंतर अगदी थोडं. इतकी साधी भूमिती इतकं मोठं काम करते, हे मला फार सुंदर वाटतं.

म्हणूनच "रिचार्जेबल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ चा, म्हणून रिचार्जेबल कमजोर" हा समज चुकीचा आहे. अल्कलाइनचे १.५ व्होल्ट नव्या सेलचे, तेही भार नसताना. पुढे ते सतत उतरत जातात. रिचार्जेबलचं व्होल्टेज बराच काळ जवळपास स्थिर राहतं. काही निकॉन कूलपिक्सच्या मेनूत सेलचा प्रकार निवडता येतो. तो निवडा, नाहीतर सेलमध्ये चार्ज असतानाच कॅमेरा सेल संपल्याचं सांगेल.

खरेदी करताना स्वयं-विसर्जन, म्हणजे न वापरता आपोआप चार्ज उतरणं, कमी असलेले सेल घ्यावेत. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले, ते या जातीचे. चार्ज करून ठेवले तर वर्षभरानंतरही बहुतांश चार्ज शिल्लक राहतो. क्षमता सुमारे २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) पुरे. पेन्सिल सेलवर ४००० किंवा ५००० छापलेलं दिसलं तर तो सेल घेऊच नये, कारण या रसायनात, या आकारात २७००-२८०० च्या फार पुढे कोणी जात नाही. तो आकडा निव्वळ फसवणूक आहे.

"पूर्ण संपवल्याशिवाय चार्ज करू नका" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम रिचार्जेबल सेलच्या काळातला. आज तो पाळणं नुकसानीचं, कारण एकापाठोपाठ जोडलेल्या चारांपैकी सर्वांत दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे तीन त्याच्यावर उलटं व्होल्टेज लादतात. त्यात तो कायमचा खराब होतो. हे टाळण्यासाठी चारही सेल एकाच वेळी घेतलेले असावेत, नेहमी एकत्र वापरावेत, आणि चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा असावा.

१४५०० नावाचा लिथियम सेल याच आकाराचा असतो, पण ३.७ व्होल्टचा. चार घातले तर जवळपास १५ व्होल्ट होतात आणि कॅमेरा जळू शकतो.