वहीतली कोरी जागा

चिपळूणच्या जवळच, वाशिष्ठीच्या काठाला आमचं गाव. तिथे माझे काका कित्येक वर्षं रोज सकाळी साडेआठला खळ्यातला पर्जन्यमापक उघडतात, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओततात आणि आकडा वहीत लिहितात. साडेआठच का, तर हवामान खात्याची पावसाची नोंद त्याच वेळेला होते. आजचा आकडा म्हणजे काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस. पाऊस पडलेला नसेल तर काका ठळक '०' काढतात. जागा मोकळी सोडत नाहीत. "बघितलं आणि नव्हता, हे कळायला नको?" असं त्यांचं म्हणणं.

ती वही मी संगणकावर चढवली आणि महिन्याचा हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. २०२१ चा जुलै उघडला, तर पडद्यावर आलं: 'कोरडे दिवस २'. तारखा २२ आणि २३. अख्खं चिपळूण पाण्याखाली गेलं होतं तेच हे दिवस! वही काढून पाहिली. त्या दोन तारखांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कसं? काका वही घेऊन माळ्यावर बसले होते आणि मापक पुराच्या पाण्यात होता.

ते शून्य काकांनी लिहिलेलं नव्हतं, माझ्या प्रोग्रॅमनं लिहिलं होतं. कोरी जागा बेरजेत आली की प्रोग्रॅम अडतो, म्हणून मी एक ओळ घातली होती: आकडा सापडला नाही तर ० धर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बहुतेकांच्या हातून अशी ओळ कधी ना कधी जाते, कारण ती घातली की सगळं सुरळीत चालतं. तिचा धोकाही तोच आहे.

हिशेब करून बघू. सोपं पडावं म्हणून उरलेल्या २९ दिवसांची बेरीज १,१६० मिलिमीटर धरू. कोऱ्या जागी शून्य घातलं तर ३१ दिवसांची सरासरी ३७.४ येते. आकडा दिसायला अगदी बरोबर, कुणाला शंकाही येणार नाही. जुन्या पद्धतीत कोऱ्या जागी -९९९ अशी खूण भरत असत. ती चुकून बेरजेत गेली तर सरासरी उणे २७ येते. जुलैत उणे पाऊस! ही चूक निदान ओरडून स्वतःला पकडून देते. शून्य मात्र गप्प बसतं. म्हणून दोन्हींत मला शून्याची भीती जास्त वाटते.

डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकावर नोंदी रचून ठेवायच्या कोठारात, अशा जागेसाठी 'नल' ही वेगळी खूण असते. तिचा अर्थ 'माहीत नाही'. पाऊस ० असलेले दिवस मागा, त्यात २२ जुलै येत नाही. पाऊस ० नसलेले दिवस मागा, त्यातही येत नाही. दोन्ही याद्यांची बेरीज ३१ ऐवजी २९ भरते. पहिल्यांदा बघणारा गोंधळतो, पण तर्क चोख आहे: जे माहीतच नाही ते शून्याइतकं आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. एक नल दुसऱ्या नलाइतकं आहे, असंसुद्धा डेटाबेस म्हणत नाही.

उलट बाजूनंही फसगत होते. पायथन आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅम लिहायच्या दोन्ही भाषांत नुसतं 'पाऊस असेल तर दाखव, नाहीतर नोंद नाही असं लिही' म्हटलं, की ० हा आकडासुद्धा 'नाही' याच खात्यात जातो. मग काकांनी जानेवारीत रोज इमानानं काढलेल्या शून्यांपुढे 'नोंद नाही' उमटतं. जावास्क्रिप्टमध्ये २०२० साली यासाठी वेगळं चिन्ह आलं: डावीकडे खरोखरच काही नसेल तरच ते उजवीकडची किंमत घेतं, शून्याला हात लावत नाही.

'काही नाही' असं सांगणारा नल संदर्भ संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणला. करायला सोपं होतं म्हणून आणला, असं त्यांनीच पुढे सांगितलं, आणि २००९ मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कॉटलिन, स्विफ्ट, रस्ट या नव्या भाषांत 'आकडा' आणि 'आकडा किंवा काहीच नाही' हे दोन निराळे प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारात 'नसेल तर काय' याचं उत्तर लिहिल्याशिवाय त्याचा आकडा म्हणून सरळ वापर केला, तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. उत्तर काय द्यायचं ते मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

मला आधी वाटलं, कोरे दिवस सोडून द्यावेत. १,१६० भागिले २९, सरासरी ४०. डेटाबेसही आपणहून असंच करतो. पण गळालेले दिवस सर्वांत जास्त पावसाचे असणार! मापक बुडाला तो पावसानेच. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली नेमका हाच प्रश्न मांडला: माहिती का गळाली, आणि त्या कारणाचा गळालेल्या आकड्याशी काही संबंध आहे का? इथे आहे. म्हणजे ४० सुद्धा कमीच.

मग शेजारच्या केंद्राचा आकडा घ्यावा? कोकणात हे फार जपून करावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ च्याही आत. घाटाच्या पायथ्याला तर दोन वाड्यांमध्येही फरक पडतो.

शून्याची अशीच गंमत नकाशावर होते. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. होडीचं ठिकाण कळलं नाही आणि प्रोग्रॅमनं दोन्हीकडे ० भरलं, तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालेली होडी थेट आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात दिसते. तिथे बेट नाही, तरी नकाशे करणाऱ्यांनी त्या बिंदूचं नाव 'नल बेट' ठेवलंय, इतक्या गोष्टी चुकून तिथे जाऊन पडतात.

शेवटी मी ती ओळ काढून टाकली. वही संगणकात शिरते तिथेच आता प्रत्येक नोंद तपासली जाते. आकडा असेल तर आकडा, ० असेल तर ०, आणि कोरी असेल तर कारण: मोजता आलं नाही, अक्षर लागत नाही, मापक तेव्हा नव्हता. पुढच्या कुठल्याही हिशेबाला कोऱ्या जागेत आपल्या मनानं काही भरता येत नाही. त्या जुलैपुढे आता येतं: 'किमान १,१६० मिमी, २ दिवसांची नोंद नाही'. सरासरी छापतच नाही.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून २३ तारखेची ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "त्या दिवशी बाटली मिळाली होती रे, कुंपणात अडकलेली. चिखलानं गच्च भरलेली." कारणांच्या यादीत मी एक नवं कारण घातलं.